वेगळा कप आणि मनाचा कौल

पुण्यात नोकरी करणाऱ्या, सहा वर्षांच्या मुलीची आई असलेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासर पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी. सासूबाई माळकरी, दर कार्तिकीला पंढरपूरला जाणाऱ्या, कोणाच्याही अडीनडीला धावून जाणाऱ्या. त्यांच्याकडे अनेक वर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशी दलित समाजातील आहेत. मावशींच्या मुलीच्या बारावीच्या क्लासची फी सासूबाईंनीच भरली. मात्र त्याच मावशींसाठी मोरीच्या खिडकीत कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असतो. चहाच्या वेळी मावशी तो स्वतः विसळून पुढे धरतात आणि सासूबाई वरून, पातेले कपाला लागू न देता, चहा ओततात. दिवाळीच्या सुट्टीत नातीने कपाटातला फुलांचा कप काढून मावशींच्या हाती दिला. मावशींनीच तो मुकाट्याने परत ठेवला. सासूबाई रागावल्या नाहीत. “आपल्यात असं नसतं, बाळ,” एवढेच म्हणाल्या. पुण्याला परतताना मुलीने “का नसतं?” असे विचारले आणि आईला उत्तर सुचले नाही.

त्या लिहितात : “सहा वर्षांच्या मुलीला जे न शिकवता कळले ते सासूबाईंना सत्तर वर्षांत कळू नये? नीती उपजत असेल तर त्यांनी ती जाणूनबुजून दडपली आहे, असे म्हणावे लागते. नीती समाजच घडवत असेल, तर त्यांना चूक ठरवण्याचा मला काय अधिकार? माझे विचारही शेवटी माझ्या शाळेने आणि पुण्याने दिलेले. यजमान म्हणतात, ‘आईचे मन चांगले आहे, या वयात ती बदलायची नाही, तू लक्ष देऊ नकोस.’ मी काय करावे?”

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळे तुमची कोंडी झाली आहे. नीती उपजत की घडवलेली, याचा निकाल लागल्याशिवाय त्या कपाचे काय करायचे हे ठरवता येणार नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. त्यामागे एक समीकरण आहे : उपजत असेल तर सासूबाई दोषी, संस्कारातून आलेली असेल तर निर्दोष. या समीकरणाच्या दोन्ही बाजू मला डळमळीत वाटतात, म्हणून आधी त्यांच्याकडे पाहू आणि मग स्वयंपाकघरात येऊ.

मुलीपासून सुरुवात करतो. तिने कप दिला यात तुम्हाला उपजत न्यायबुद्धी दिसली. मला तितकी खात्री वाटत नाही. मावशी तिला आवडतात, फुलांचा कपही आवडतो, आणि वेगळ्या कपाचा नियम तिला ठाऊकच नव्हता. नियम ठाऊक नसणे आणि तो अन्यायाचा आहे हे ओळखून मोडणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. तीच मुलगी मैत्रिणीला खेळातून वगळताना किंवा आपली बाहुली कोणाला हात लावू न देताना तुम्ही पाहिली असेलच; तेव्हा आपण त्याला तिचा उपजत स्वभाव म्हणत नाही, “शिकेल हळूहळू” म्हणतो. चांगले ते निसर्गाचे आणि वाईट ते समाजाचे ही वाटणी आपल्याला सोयीची आहे, एवढेच.

अभ्यासकांनाही हा मोह आवरत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना एक छोटा खेळ दाखवला. त्यात एक आकृती टेकडी चढू पाहते, दुसरी तिला मदत करते, तिसरी तिला खाली ढकलते. नंतर बाळांपुढे दोन्ही आकृत्या धरल्या तेव्हा बहुतेकांनी मदत करणारी निवडली, आणि नीती पाळण्यातच असते असा बोलबाला जगभर झाला. पुढे अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून एक हजाराहून अधिक बाळांवर तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा कल दिसला नाही. याचा अर्थ बाळ कोरी पाटी असते असाही नव्हे. दीड वर्षाची मुले, हात भरलेल्या अनोळखी माणसाला कपाटाचे दार उघडता येत नसेल तर न सांगता पुढे होऊन ते उघडतात, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. मदतीची ओढ लवकर येते, एवढे त्यावरून म्हणता येईल.

तुमच्या पत्राच्या संदर्भात मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला, भारतासह सात देशांतील मुलांवर केलेला एक अभ्यास. दोन मुले समोरासमोर बसवलेली, मध्ये गोळ्यांची असमान वाटणी, आणि ती मान्य करायची की मोडायची हे ठरवण्याचा दांडा एकाच मुलाच्या हाती. मोडली तर दोघांनाही काही नाही. आपल्या वाट्याला कमी येत असेल तर स्वतःचे नुकसान सोसूनही वाटणी मोडण्याची प्रवृत्ती सातही देशांत आढळली. आपल्या वाट्याला जास्त येत असेल तर ती मोडण्याची प्रवृत्ती मात्र तीनच देशांत, आणि तीही मोठ्या मुलांमध्ये, दिसली. उरलेल्या चार देशांत भारतही होता. यावरून भारतीय मुले स्वार्थी असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल, कारण अनोळखी खेळात मूल काय करते यावर त्याच्या घरची, शाळेची, मोठ्यांसमोर वागण्याच्या रीतीची छाया असतेच. तरीही मुद्दा उरतो. “माझ्यावर अन्याय झाला” हे कळायला फारशा शिकवणीची गरज पडत नाही. “माझ्यामुळे, माझ्या फायद्यासाठी दुसऱ्यावर अन्याय होतो आहे” हे कळायला ती पडते. खिडकीतला कप हा दुसऱ्या प्रकारातला अन्याय आहे. तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला रोज दिसतो, आणि ज्याच्या हातून घडतो त्याला आयुष्यभर न दिसणे शक्य आहे.

आता सासूबाईंकडे येऊ. त्या चहा वरून ओततात तेव्हा आपण कोणाचा अपमान करतो आहोत असे त्यांच्या मनात बहुधा येतही नसेल. पातेले टेकवले असते तर मात्र त्यांना अंगावर काटा आल्यासारखे झाले असते, आणि ते सोंग नसते. संस्कृती आणि मानसशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील भुवनेश्वर आणि अमेरिकेतील शिकागो येथील मुलांना आणि मोठ्यांना वागण्याचे काही प्रसंग सांगून त्यांतील कोणते किती वाईट ते विचारले. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरच्या ब्राह्मण उत्तरदात्यांनी सर्वांत गंभीर पापांत गणला. शिकागोकरांना त्यात नीतीचा प्रश्नच दिसला नाही. गंमत अशी की सुतकात शेजारच्या घरातून रश्श्याचा वास आला तर तुमच्या-माझ्यासारख्यांनाही चमकल्यासारखे होईल, आणि ते चमकणे “मला असे शिकवले आहे” असा पत्ता सांगत येत नाही. ते थेट पोटातून येते. अगदी लहान मूल जमिनीवर पडलेले काहीही तोंडात घालते. कशाची किळस करायची हे ते मोठ्यांचे चेहरे पाहून शिकते, पण शिकून झाल्यावर शिकल्याची आठवण उरत नाही. म्हणून “माझ्या मनाला पटत नाही” हा कौल प्रामाणिक असू शकतो आणि चुकीचाही असू शकतो.

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाईपर्यंत ते पाणी कागदावरच खुले होते. नंतर तळ्याचे शुद्धीकरण करणाऱ्यांत ढोंगी कमी असतील आणि तळे बाटले असे मनापासून वाटणारे जास्त असतील, असे मला वाटते. त्यांच्या वाटण्याच्या खरेपणाने त्यांची कृती क्षम्य ठरत नाही.

याच आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात, लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे तर ते धार्मिक आहेत म्हणून, अशा आशयाची मांडणी केली होती. माणसांना खलनायक न ठरवताही त्यांच्या आचरणावर इतकी कठोर टीका करता येते, हे त्या भाषणातून शिकण्यासारखे आहे. त्यातच त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे : नियम काय करावे ते सांगून मोकळा होतो, तत्त्व मात्र विचार करायला लावते आणि म्हणून जबाबदारीही टाकते. सासूबाई नियम पाळत आल्या आहेत. त्या दुष्ट नाहीत, आणि त्यांची जबाबदारीही संपलेली नाही. तुमच्या समीकरणात या तिसऱ्या शक्यतेला जागाच नव्हती.

“मला काय अधिकार?” या तुमच्या प्रश्नात, समाज एका आवाजात बोलतो आणि माणूस तोच आवाज गिरवतो, असे गृहीत आहे. पण समाज असा एकसुरी कधीच नव्हता. महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ साली, म्हणजे सासूबाईंच्या आजीच्याही जन्माआधी. राजर्षी शाहू महाराज कोल्हापुरात दलित समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात बसून सर्वांदेखत चहा प्यायचे. सासूबाई ज्या विठ्ठलाच्या दर्शनाला जातात त्याचे मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले. आणि मंदिरात शिरण्यापूर्वी, नामदेव पायरीसमोर, सासूबाई ज्या चोखोबांच्या समाधीपुढे डोके टेकवत असतील, त्या चोखोबांना त्यांच्या हयातीत त्या दाराच्या आत येऊ दिले जात नव्हते. म्हणजे वेगळ्या कपाचा संस्कार आणि त्याला विरोध करणारा संस्कार हे दोन्ही त्यांच्याच घरात, त्यांच्याच गळ्यातल्या माळेत आहेत. तुम्ही पुण्याहून काही परके घेऊन गेलेला नाही.

विचार कोठून आला यावरून तो बरोबर की चूक हे ठरत नाही. दोन्ही विचार समाजातूनच आले असले, तरी त्यांची पारख करता येते. ज्याला नियमाचा काच सोसावा लागतो त्याच्या डोळ्यांत पाहून त्या नियमाचे कारण सांगता येते का, हे पाहावे. “मावशी, तुमचा कप वेगळा आहे, कारण...” हे वाक्य सासूबाई मावशींसमोर पूर्ण करू शकणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. फीबद्दलचे वाक्य त्या सहज पूर्ण करतील. आता फी आणि कप एकाच हातून कसे, याचे तुम्हाला कोडे पडले आहे. मला ते कोडे वाटत नाही. वरच्याने खालच्याला देणे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून पुण्याचे मानले गेले आहे, आणि त्यात वरची पायरी वरच राहते. बरोबरीला बसवणे हा निराळा धडा आहे आणि तो दयेतून आपोआप येत नाही.

आता काय करावे ते. पहिला विचार मावशींचा हवा. पत्रात तुमची अस्वस्थता आहे, मुलीचा प्रश्न आहे, यजमानांचे मत आहे. मावशींनी कप परत का ठेवला असावा, याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही तेथे सणासुदीला आठ दिवस असता, त्या वर्षभर असतात. तुमच्या आग्रहाने त्या फुलांच्या कपातून चहा प्याल्या तर तुम्हाला समाधान मिळेल, आणि तुम्ही एसटीत बसल्यावर घरातला अबोला त्यांच्या वाट्याला येईल. म्हणून त्यांच्यासमोर, त्यांना निमित्त करून, हा विषय मुळीच काढू नये. “तुम्हाला वाईट वाटतं का हो?” असेही विचारू नये, नोकरी टिकवायची असलेल्या बाईला या प्रश्नाचे खरे उत्तर देणे परवडत नाही.

बोलायचे ते यजमानांनी. आई त्यांची आहे, आणि सुनेने काढलेला हाच विषय “शहरातली सून शिकवायला आली” या जुन्या खटल्यात दाखल होतो. यजमान “लक्ष देऊ नकोस” म्हणतात तेव्हा ते आईच्या वयाची ढाल करत आहेत. पण त्याच आई या वयात मोबाइलवर नातीला व्हिडिओ कॉल करायला शिकल्या असतील, तर न बदलण्याचे कारण वय नाही. मायलेक दोघेच असताना, निवांत वेळ पाहून, त्यांनी राज्यघटनेच्या सतराव्या कलमापासून सुरुवात करू नये. अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला त्या कलमाने बंदी केली आहे हे खरेच आहे, आणि वेळ पडली तर ते सांगावेही. पण सुरुवात चोखोबांपासून करावी. “आई, तू त्या समाधीला हात लावून तोच हात डोळ्यांना लावतेस, मग मावशींच्या हातचा कप का चालत नाही?” एवढे विचारून थांबावे. उत्तरासाठी अडून बसू नये. अशा बोलण्याचा परिणाम झालाच तर तो त्या दिवशी दिसत नाही.

दरम्यान तुम्ही तेथे असाल तेव्हा चहा तुम्ही करा, आणि सर्वांसाठी एकसारखे कप एकाच ट्रेमध्ये भरून आणा. भाषण नको, खुलासा नको. सासूबाईंना तुमच्या ट्रेमधला चहा नको असेल तर त्या घेणार नाहीत. ती मोकळीक त्यांना राहू द्या. मावशींनी सवयीने खिडकीतला कप पुढे केला तर त्यातच ओता, फक्त हात खाली आणून. आणि कागदी कपांची पळवाट काढू नका. “सगळ्यांनाच युज अँड थ्रो” अशी सोय हल्ली बऱ्याच घरांनी काढली आहे; तिने भांडण टळते आणि शिवाशिव तशीच राहते.

आणखी एक, थोडे टोचेल असे. “आमच्या पुण्याच्या घरी असले काही नाही,” असे तुम्ही ओघात लिहिले आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई पाणी कोणत्या भांड्यातून पितात, चहा पिताना कोठे बसतात, त्यांच्या आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापले जातात का, तुमच्या सोसायटीत त्यांना कोणत्या लिफ्टने यावे लागते, हे एकदा पाहून घ्या. जातीचे नाव न घेता तोच कप शहरात निराळ्या आकारात सापडतो. सापडला नाही तर उत्तमच.

मुलीला मात्र उत्तर द्यायला हवे, आणि तेही लवकर, कारण मोठ्यांच्या गप्प बसण्यातूनही मूल नियम शिकते. “आजी जुन्या काळातली आहे,” हे उत्तर टाळा; त्यातून वय झाले की चूक माफ असते एवढेच तिला कळेल. “आजी वाईट आहे,” हे तर खोटेच आहे. तिला सांगता येईल ते असे : पूर्वी काही माणसांना कमी समजत आणि त्यांचे कप, पाणी, देऊळसुद्धा वेगळे ठेवत, ते चूक होते, आजीला लहानपणी तेच शिकवले गेले, म्हणून तिला अजून ते बरोबर वाटते, आपल्याला ते चूक वाटते, आणि आजीचे तुझ्यावर प्रेम आहे तसे तुझेही आजीवर असू दे. प्रेमाचे माणूस चुकू शकते हे सहा वर्षांच्या मुलीला पेलते. तिने हे आजीसमोर बोलून दाखवले तर तिला दटावू नका. आणि वर सांगितलेल्या गोळ्यांच्या प्रयोगाची आठवण ठेवून, आपल्याला जास्त मिळते तेव्हा ते ओळखण्याची सवय तिला घरातल्या साध्या गोष्टींतून लावा. शेवटची पोळी कोणाच्या ताटात पडते आणि गरम पोळी कोणाला कधीच मिळत नाही, हे तिला पाहायला सांगितले तरी पुरे.

असेच पत्र मासिक पाळीत बाजूला बसवण्याबद्दल, किंवा हळदीकुंकवाला विधवा जावेला न बोलावण्याबद्दलही येऊ शकले असते, आणि येतातही. त्या वाचकांनाही मी हेच विचारीन की नियमाचे कारण त्या बाईच्या समोर बसून सांगता येईल का. रूढी बदलायला पिढ्या लागतात असे म्हणतात, पण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठरावाने प्रत्येक घरातली रीत बदलत नाही, हे महाडने शिकवलेच आहे. पण ज्या घरात एखाद्याला बदलायचे होते आणि लोक काय म्हणतील याची धास्ती होती, तेथे अशा ठरावाचा आधार होतो. तुमच्या घरात तो आधार यजमान होऊ शकतात.

सासूबाई बहुधा म्हणतील, “मी गेल्यावर करा तुम्हाला काय करायचं ते.” त्यावर वाद घालू नका, पण ते मान्यही करू नका. यजमानांनी एवढेच म्हणावे की तू असतानाच व्हावे असे आम्हाला वाटते, कारण नातीने ते तुझ्याकडून शिकावे अशी आमची इच्छा आहे.